फुग्यात कार्बन डायऑक्साइड भरून आवाजाचं भिंग: कागदावरच की खरंच?

सिंहगडरोडकर
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववी-दहावीच्या मुलांचा एक गट प्रयोग ठरवतोय. नववीला ध्वनी असतो, दहावीला प्रकाशाचं अपवर्तन (एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वळणं) आणि भिंगं. ध्वनीचंही अपवर्तन होतं ही गोष्ट या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते, म्हणून तेच दाखवायचं आहे. फुग्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा, एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला कान. फुगा बहिर्वक्र भिंगासारखा आवाज गोळा करतो असं सगळीकडे छापलेलं असतं. फुगा किती मोठा, आवाज कुठला, कान नेमका किती अंतरावर, याचे आकडे मात्र कुणीच देत नाही.

आणि परीक्षकांनी 'हा कानाचा भास नाही कशावरून?' असं विचारलं तर पुढे काय ठेवायचं? जाणकारांनी सांगावं.

तरंग_३८
आधी गणित करू. २५ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण २६९. भागाकार १.२९, हाच ध्वनीसाठीचा अपवर्तनांक.

गोल भिंगाचं सूत्र असं: अपवर्तनांक गुणिले व्यास हे वर, आणि अपवर्तनांकातून एक वजा करून त्याची चौपट खाली. उत्तर येतं ते गोलाच्या मध्यापासूनचं नाभीय अंतर. ३० सेंमी व्यासाच्या फुग्याला ते ३३ सेंमी येतं, म्हणजे फुग्याच्या पृष्ठभागापासून १८ सेंमी. पण हे खूप दूरच्या स्रोतासाठी. स्पीकर २ मीटरवर ठेवला तर प्रतिमा मध्यापासून ४० आणि पृष्ठभागापासून २५ सेंमीवर पडेल.

गंमत म्हणजे याच सूत्रात पाण्याचा १.३३ घातला की नाभीय अंतर जवळपास व्यासाइतकंच येतं. फुग्याचं व्यासाच्या १.१ पट. प्रकाशाला पाण्याने भरलेला गोल बुडाचा चंबू जसा, तसाच ध्वनीला हा फुगा. दोन्ही शेजारी शेजारी मांडले तर प्रदर्शनाचं टेबल तिथेच सजलं.

पेठकर
फुगा फुटला तर निदान पाणी सांडणार नाही, हा जादा फायदा.

भिंगरी
तरंग_३८, गणित बरोबर आहे, पण ते किरणांचं गणित आहे. किरण ही कल्पना चालते ती भिंग तरंगलांबीपेक्षा बरंच मोठं असेल तेव्हा. चष्म्याची काच ५ सेंमी आणि प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रोमीटर, तिथे प्रश्नच येत नाही. इथे १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३५ सेंमी आहे, फुग्यापेक्षा मोठी! असा तरंग फुग्याला वळसा घालून पुढे निघून जातो, भिंग वगैरे त्याला कळतच नाही. माणसाच्या बोलण्यातली बहुतेक ऊर्जा १ किलोहर्ट्झच्या खालीच असते. त्यामुळे 'फुग्यापलीकडे मित्र कुजबुजेल आणि तुम्हाला मोठ्याने ऐकू येईल' हे चित्र छान असलं तरी कुजबुजीतल्या 'स', 'श'पुरतंच खरं आहे.

४ किलोहर्ट्झला तरंगलांबी ८.७ सेंमी, ५ ला ६.९, ८ ला ४.३. निदान ४ च्या वर जा.

सिंहगडरोडकर
मग ८ किंवा १० च घेऊ की. जितकी जास्त तितकं बरं ना?

सिग्नल_नॉइज
नाही. वर जाताना दोन अडचणी येतात.

एक, फुग्याचा पडदा. साध्या १२ इंची फुग्याचं रबर साधारण ३ ग्रॅम. ते ३० सेंमीच्या गोलावर पसरलं की चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास वजन येतं. एवढासा पडदाही उच्च वारंवारितेला जड वाटतो, कारण वारंवारिता दुप्पट झाली की त्याचं जडत्व दुप्पट आड येतं. हिशोब केला तर दोन्ही भिंती मिळून ४ किलोहर्ट्झला १ डेसिबलपेक्षा थोडं कमी जातं, ८ ला सुमारे ३, आणि ४० ला तब्बल २१.

दोन, कार्बन डायऑक्साइड स्वतःच ध्वनी शोषतो. त्याच्या रेणूंच्या अंतर्गत कंपनांना ध्वनीची ऊर्जा घेऊन परत द्यायला थोडा वेळ लागतो, आणि दहा-वीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हा उशीर नेमका नडतो. हवेत हा परिणाम त्या मानाने नगण्य. म्हणून ४ ते ५ किलोहर्ट्झ हा मधला पट्टा सगळ्यात बरा.

आता अपेक्षा. ५ किलोहर्ट्झला, सगळं आदर्श धरून, नाभीपाशी सुमारे ८ डेसिबल वाढ कागदावर दिसते. पडदा, शोषण आणि गोलीय विपथन (गोल भिंगात कडेचे तरंग मधल्यांच्या जागी गोळा न होणं) वजा करून ३ ते ५ डेसिबल हाती लागले तर प्रयोग जमला म्हणायचा. ३ डेसिबल कानाला जेमतेम कळतात. त्यामुळे 'आवाज एकदम मोठा होतो' असा फलक लावू नका.

तपकीरगल्ली
मग अल्ट्रासॉनिकच का नाही? एचसी-एसआर०४ हा अंतर मोजायचा सेन्सर इथे पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो, ४० किलोहर्ट्झ, तरंगलांबी ९ मिमीसुद्धा नाही. त्या मानाने फुगा अवाढव्य, भिंगरीबाईंचा आक्षेप निकालात.

सिग्नल_नॉइज
वरचा २१ डेसिबलचा आकडा पुन्हा वाचा. शिवाय त्या पट्ट्यात वायूचं शोषण पडद्याहूनही जास्त. सेन्सर 'समोर काही नाही' असं सांगून मोकळा होईल. एसआर०४ अंतर मोजायलाच ठेवा. तुमच्या गल्लीतून आणायचाच तर पिएझो ट्विटर (फक्त वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आणा. तो ३-४ किलोहर्ट्झच्या वरच नीट वाजतो, म्हणजे नको असलेला खालचा आवाज आपोआप गाळला जातो.

तपकीरगल्ली
मान्य. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करत नाही, पुढच्यांना उपयोगी पडेल.

कोपरापासून_नमस्कार
माझे २ पैसे. पुणे उंचावर आहे, हवा विरळ, त्यामुळे इथे ध्वनीचा वेग मुंबईपेक्षा कमी असणार. ३४६ हा आकडा तपासून घ्या.

तरंग_३८
वेग हवेच्या दाबावर अवलंबून नसतो. दाब कमी झाला की घनताही त्याच प्रमाणात कमी होते आणि भागाकार तोच राहतो. फरक पाडतं ते तापमान: दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर. १० अंशाला ३३७, ३५ अंशाला ३५२. पुण्यात वेग कमी भरला तर तो थंडीमुळे, ५६० मीटर उंचीमुळे नाही.

उंचीचा परिणाम वेगळ्या जागी दिसतो. समुद्रसपाटीला २५ अंशावर एक मोल वायू २४.५ लिटर जागा व्यापतो, पुण्यात सुमारे २६. सोडा किती लागेल हे काढताना हे धरायचं.

रसायनीबाई
सोड्याचा विषय निघालाच आहे तर पाककृती देते.

३० सेंमीचा फुगा म्हणजे १४ लिटर. पुण्यात त्याला ०.५४ मोल लागतात, म्हणजे ४६ ग्रॅम खाण्याचा सोडा. गळती धरून ५० घ्या. आम्ल म्हणून व्हिनेगर सुचवलं जातं, पण ते ४ टक्के असेल तर ५० ग्रॅम सोड्याला जवळजवळ ९०० मिली लागतं, आणि एवढं पाणी स्वतःच पाऊण लिटर वायू विरघळवून ठेवतं. त्याऐवजी सायट्रिक अ‍ॅसिड घ्या, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. ५० ग्रॅम सोड्याला ४२ ग्रॅम, पाणी ३०० मिली. पाणी कोमट असेल तर वायू कमी विरघळतो.

आता चुका कुठे होतात. सोडा फुग्यात भरून तो बाटलीवर उलटा करायची पद्धत दिसायला छान, पण सगळा सोडा एकदम पडतो आणि फेस थेट फुग्यात चढतो. आत ओल राहिली की फुगा खाली जड होतो, आकार बिघडतो. सोडा टिश्यू पेपरच्या चार पुड्यांत बांधा आणि एकेक पुडी टाका. पाच लिटरचा कॅन वापरला तर फेस खालीच बसतो.

पण मोठ्या कॅनमध्ये मुळातली हवाही जास्त, आणि तीच आधी फुग्यात शिरते. म्हणून पहिली पुडी टाकून फुगा न लावता अर्धं मिनिट थांबा. वायू हवेपेक्षा जड, तो खालून भरत हवेला वर ढकलतो. मग फुगा लावा. ही एक पुडी वाया जाणार म्हणून एकूण सोडा ७० ग्रॅम आणि लिंबूसत्त्व ५८ ग्रॅम धरा.

तोंडाने फुगवलेल्या फुग्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के असतो. तो भिंग म्हणून कुचकामी, पण तुलनेसाठी फार उपयोगी.

पेठकर
सोडा, लिंबू आणि फुगे. हा प्रयोग आहे की वाढदिवस?

झाडाखालचा
फुग्यात नक्की किती शुद्ध वायू गेला हे कसं कळणार? ८० टक्के असेल तर काय होईल?

तरंग_३८
चांगला प्रश्न. ८० टक्क्यांना मिश्रणातला वेग २८१ येतो, अपवर्तनांक १.२३, नाभीय अंतर ३३ वरून ४० सेंमी. निम्मी हवा असेल तर अपवर्तनांक १.१५ आणि नाभीय अंतर ५७. भिंगच राहतं, पण आळशी. ६० टक्क्यांच्या खाली गेलात तर पुन्हा भरा.

रसायनीबाई
आणि तपासायला ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला वजनकाटा पुरतो. एकाच पुड्यातले दोन फुगे घ्या, एकात हवा, एकात आपला वायू, दोन्हींचा घेर फितीने ९४ सेंमी करा. (फुगा पेरूसारखा असतो, घेर सगळ्यात फुगीर जागी मोजा.) दोन्हींचं वजन करा. हवेच्या फुग्याचं वजन म्हणजे जवळपास नुसतं रबर, कारण आतली हवा बाहेरच्या हवेच्या उत्प्लावक बलाने रद्द होते. वायूचा फुगा जेवढा जास्त भरेल तो फरक महत्त्वाचा. पुण्यात शुद्ध वायूला हा फरक ८.२ ग्रॅम यायला हवा. ६.५ आला तर शुद्धता ८० टक्के. सरळ प्रमाण आहे.

वजन पंख्याखाली करू नका. काट्यावर वाटी ठेवून फुगा तिच्यात टेकवा, नाहीतर तो घरंगळत राहतो आणि आकडा ठरत नाही.

झाडाखालचा
हे आवडलं. वाखु (वाचनखूण) साठवली.

चष्मेबद्दूर
थोडं मागे जाऊ. 'जड वायू म्हणून ध्वनी हळू, जसा प्रकाश दाट माध्यमात हळू' असं मुलांनी फलकावर लिहिलं की घोटाळा होणार. पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट, तरी ध्वनी पाण्यात चौपट वेगाने धावतो. वेग ठरतो तो लवचिकता आणि घनता यांच्या भागाकाराने. वायूंमध्ये समान दाबाला लवचिकता जवळपास सारखीच, म्हणून तिथे घनता निर्णायक ठरते. पाण्याची लवचिकता प्रचंड, म्हणून तिथे उलटं होतं.

याचा परिणाम असा की हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश स्तंभिकेकडे वळतो आणि ध्वनी स्तंभिकेपासून दूर. हवेतून येणाऱ्या ध्वनीचा क्रांतिक कोन फक्त १३.५ अंश. त्याहून तिरका आला की पूर्ण परावर्तन. प्रकाशाला हे पाण्यातून बाहेर येताना अनुभवाला येतं, ध्वनीला आत जाताना. नदीकाठचा ढोल पाण्याखाली का ऐकू येत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

कोपरापासून_नमस्कार
उरलेलं अर्धं?

चष्मेबद्दूर
सरळ नव्वद अंशात आला तरी हजारात एक भाग ऊर्जा आत जाते, बाकी परत. दोन्ही माध्यमांचा ध्वनिरोध (घनता गुणिले ध्वनीचा वेग) जुळत नाही म्हणून. त्यामुळे पाण्याने भरलेला फुगा भिंग म्हणून वापरायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. कार्बन डायऑक्साइडचा रोध हवेच्या बराच जवळ, परावर्तनात एक टक्कासुद्धा जात नाही. हा या वायूचा मोठा गुण.

पेठकर
हेलियम? आवाज चिरका होतो तेवढंच माहीत आहे.

चष्मेबद्दूर
हेलियममध्ये वेग हजाराच्या वर, अपवर्तनांक ०.३४. फुगा बहिर्वक्र, काम अंतर्वक्राचं. आवाज पसरवतो. तत्त्व म्हणून सुंदर, पण रोध न जुळल्याने पहिल्याच पृष्ठभागावर १८ टक्के परत जातं. एक कळकळीची सूचना: जत्रेत, बागेबाहेर मिळणारे 'गॅसचे फुगे' हेलियमचे समजून आणू नका. त्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो. ट्विटर, तारा, ठिणगी आणि मुलं यांच्याजवळ तो अजिबात नको.

निरीक्षक
फुगा राहू दे बाजूला. पुण्यात ध्वनीचं अपवर्तन पाहायला डिसेंबर-जानेवारीची पहाट पुरते. एरवी न ऐकू येणारा रेल्वेचा भोंगा तेव्हा लांबवर स्पष्ट येतो.

कोपरापासून_नमस्कार
त्यात काय, पहाटे रहदारी नसते. आणि थंड हवा दाट असते, आवाज चांगला वाहून नेते.

निरीक्षक
रहदारी नसते हे खरं, ते निम्मं कारण. 'दाट हवा वाहून नेते' हे मात्र नाही. निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून गार पडते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि वरची तुलनेने उबदार राहते. पुणे टेकड्यांच्या खोलगट भागात, गार हवा खाली साचते. म्हणजे वर वेग जास्त, खाली कमी. तरंगाचा वरचा भाग पुढे जातो आणि सगळा तरंग खाली वाकतो.

आकडे पाहा. ५० मीटर चढताना ५ अंश वाढ धरली तर वेग ३ मीटरने वाढतो. अशा हवेत ध्वनीचा मार्ग साधारण साडेपाच-सहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस होतो. किलोमीटरभर दूर पोचणारा आवाज वाटेत २२ मीटर उंची गाठून खाली उतरतो. सातमजली सोसायटीच्या डोक्यावरून! दुपारी उलट: जमीन तापलेली, आवाज वर वाकतो आणि थोड्या अंतरापुढे ध्वनीची सावली पडते. वारा असेल तर तोही हेच करतो, वाऱ्याच्या दिशेला खाली वाकवतो, विरुद्ध दिशेला वर.

चष्मेबद्दूर
याच्याच जोडीला उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं 'पाणी' घ्या. तापलेल्या हवेत प्रकाश किंचित वेगाने जातो, तोही वर वाकतो. फरक आकाराचा आहे. १० अंश बदलले की ध्वनीचा वेग पावणेदोन टक्के बदलतो, प्रकाशाचा फक्त लाखात एक भाग. म्हणून मृगजळाला शेकडो मीटर सपाट रस्ता आणि अगदी तिरकी नजर लागते, ध्वनीला एवढे लाड लागत नाहीत. मुलांच्या फलकावर ही दोन चित्रं शेजारी हवीत.

लॅबअसिस्टंट
धागा भरकटायच्या आत मांडणीवर येतो. सगळ्यात जास्त प्रयोग फसतात ते खोलीमुळे, फुग्यामुळे नाही.

५ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर बंद खोलीत वाजवला की भिंतींवरून परत येणारे तरंग आणि मूळ तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतात. निष्पंद (आवाज सगळ्यात कमी ती जागा) आणि प्रस्पंद (सगळ्यात जास्त ती) यांच्यातलं अंतर पावतरंगलांबी, म्हणजे पावणेदोन सेंमी. फोन तेवढा हलला की पाच-दहा डेसिबल इकडेतिकडे. ३-४ डेसिबलचा परिणाम त्यात बुडून जाणार. डोकं हलवलं तरी तेच, म्हणून कानाने मोजायचा नाद सोडा.

यावर दोन उपाय, दोन्ही करा. मांडणी गच्चीवर, कठड्यापासून लांब, स्पीकर आणि फोन सव्वा मीटर उंच, मधल्या फरशीवर जुनी गादी. आणि शुद्ध स्वराऐवजी सगळ्या वारंवारितांचा खरखराट वाजवायचा, मग फोनवर ४ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा तेवढा वाचायचा. फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप वर्णपट दाखवतं. एका वारंवारितेचा निष्पंद असतो तिथे शेजारच्या वारंवारितेचा नसतो, त्यामुळे सरासरी स्थिर राहते.

फुगा दोऱ्याने टांगा, गाठ वर. वायूचा फुगा जड असल्याने तो शहाण्यासारखा लटकतो. रिंग किंवा वाटीवर ठेवला तर आधारच आवाज अडवतो.

फोनची एक खोड: काही फोन आवाज वाढला की स्वतःच संवेदनशीलता कमी करतात. तपासायला मोकळ्या जागी स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर वाचन घ्या, मग एक मीटरवर. ६ डेसिबल घट यायला हवी. दोनच आली तर फोन चलाखी करतोय, दुसरा घ्या.

पेठकर
गच्चीवर ५ किलोहर्ट्झचा खरखराट. सोसायटीच्या सूचनाफलकावर उद्या नवीन पाटी लागणार. दुपारी १ ते ४ तरी बंद ठेवा.

निरीक्षक
ह. घ्या. (हलकेच घ्या) म्हणून लिहिलंय, पण १ ते ४ खरंच बंद ठेवा. तापलेल्या गच्चीवरून गरम हवेचे लोट उठत असतात आणि प्रत्येक लोट ध्वनी थोडा वेगळा वळवतो. वाचन सतत डुलतं. सूर्योदयानंतर तासाभरात, वारा नसताना घ्या.

ध्वनिवेडा
इथे एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांची आठवण येते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत ते कोलोडियनच्या (वाळल्यावर पातळ पापुद्रा होणाऱ्या द्रावाच्या) पातळ फुग्यात कार्बन डायऑक्साइड भरून हाच प्रयोग दाखवत, आणि स्रोत म्हणून खिशातलं घड्याळ. टिकटिक हा क्षणिक आवाज, त्यात वरच्या वारंवारिता भरपूर, आणि तो संपल्यावर मग भिंतीवरून परत येतो. त्यामुळे स्थिर तरंगांचा प्रश्न फार येत नाही. कोलोडियन रबरापेक्षा पातळ, तोही फायदा. मुलांनी टिकटिक करणारं गजराचं घड्याळ एकदा लावून बघावं, बंद वर्गात खरखराटापेक्षा सोयीचं पडेल.

भिंगरी
कान किंवा फोन कुठे ठेवायचा, हा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. तरंग_३८ यांनी पृष्ठभागापासून २५ सेंमी काढले. प्रत्यक्षात तिथे शिखर सापडणार नाही.

त्रिज्येचा वर्ग घ्या, त्याला तरंगलांबी आणि प्रतिमेचं अंतर यांच्या गुणाकाराने भागा. याला फ्रेनेल अंक म्हणतात. इथे २२५ भागिले ६.९ गुणिले ४०, म्हणजे ०.८. हा अंक दहा-वीस असेल तर नाभी जागच्या जागी असते. एकाच्या आसपास आला की शिखर भिंगाकडे सरकतं, कारण पुढे जाताना विवर्तनाने आवाज पसरण्याचा वेग भिंगाने गोळा करण्याच्या वेगावर मात करतो. त्यात गोलीय विपथन: कडेने गेलेला आवाज जास्त वळतो, तोही शिखर जवळच आणतो. म्हणून फुग्यापासून ५ सेंमीवर सुरुवात करून ३० पर्यंत दर अडीच सेंमीला वाचन घ्या, आणि जिथे जास्त येईल तिथे थांबा. सूत्राने काढलेल्या एकाच ठिकाणी फोन ठेवून 'प्रयोग चालत नाही' म्हणणारे बरेच असतात.

तरंग_३८
मान्य, हे माझ्या हिशोबात नव्हतं. मग ६० सेंमीचा फुगा घेतला तर?

भिंगरी
स्पीकर तितकाच दूर नेला, म्हणजे ४ मीटरवर, तर अंक दुप्पट होतो, १.६. वाढ स्पष्ट दिसेल. पण वायू आठपट: ११३ लिटर.

रसायनीबाई
म्हणजे ४०० ग्रॅम सोडा आणि ३४० ग्रॅम लिंबूसत्त्व, हवा काढायला जाईल ते वेगळं. दोन-तीन कॅनमध्ये विभागून. जमतं, पण खिडक्या उघड्या ठेवून, मोरीत दार लावून नाही. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मोठे फुगे मिळतात, जाड रबराचा घेऊ नका. वजनाच्या फरकालाही आठाने गुणा: ६५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटाही चालेल.

अंतर्गोल
भिंगाचा हट्टच कशाला म्हणतो मी. जुनी ६० सेंमीची डीटीएच डिश घ्या, एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावरच्या ग्राहकाच्या) जागी फोनचा माइक. ना पडदा, ना शोषण, ना गळती. कुठल्याही फुग्यापेक्षा दणदणीत वाढ मिळेल.

चष्मेबद्दूर
मिळेल, पण ते परावर्तन झालं. विषय अपवर्तनाचा आहे. उद्या म्हणाल चष्म्याऐवजी आरसा लावा.

अंतर्गोल
डिशवाल्यांना दंडवत कुणी घालत नाही, हे नेहमीचंच. बाकी चालू द्या.

भिंगरी
न गळणारं अपवर्तनाचं भिंगही होतं. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना समांतर, पण येणाऱ्या आवाजाच्या दिशेशी ४५ अंशात तिरक्या लावायच्या. आवाजाला पट्ट्यांमधून तिरकं जावं लागतं, वाट १.४१ पट लांबते, म्हणजे अपवर्तनांक १.४१ धरल्यासारखाच. दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी हवं, ५ किलोहर्ट्झला ३ सेंमी ठेवा. एक बाजू सपाट, दुसरी २० सेंमी त्रिज्येच्या गोलासारखी फुगीर कापली की नाभीय अंतर सुमारे ४९ सेंमी. वायू नाही, महिनाभर टिकतं. कापायला मात्र संयम हवा.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. आता परीक्षकांचा प्रश्न राहिला. नुसतं 'मध्यभागी आवाज वाढला' एवढं पुरेल?

लॅबअसिस्टंट
नाही पुरणार. तीन अवस्था मोजा: फुगा नाही, हवेचा फुगा, वायूचा फुगा. फोन आणि स्पीकर तसूभरही न हलवता फक्त फुगे बदला. हवेच्या फुग्याने आणि बिनफुग्याने जवळपास सारखं वाचन आलं, तर आकार आणि रबर यांचा यात हात नाही हे सिद्ध झालं.

मग फोन आडवा सरकवा, मध्यापासून दोन्ही बाजूंना दर ५ सेंमीला, ३० सेंमीपर्यंत. वायूचा फुगा असताना मध्ये वाढ आणि बाजूला घट दिसायला हवी, आणि बाजूची घट बिनफुग्याच्या वाचनाखाली गेली पाहिजे. भिंग ऊर्जा निर्माण करत नाही, बाजूची उचलून मध्ये आणतं. मधली वाढ चुकीनेही येऊ शकते. वाढ आणि घट एकत्र, नेमक्या जागी, योगायोगाने येत नाहीत. हा आलेख फुग्याच्या वर टांगा.

चष्मेबद्दूर
शेजारी एक लिटरचा गोल बुडाचा चंबू, पाण्यात दुधाचा एक थेंब. मीटरभर लांबून टॉर्च धरली की पृष्ठभागापासून साधारण ८ सेंमीवर प्रतिमा पडते, आणि दुधामुळे आतल्या किरणाची वाट दिसते. थेंब एकच, दोन टाकले की पाणी गढूळ होऊन सगळा प्रकाश आतच पसरतो. प्रदर्शनात चंबू खिडकीच्या उन्हात ठेवू नका. नाभीपाशी कागदी फलक असेल तर तो पेटू शकतो.

झाडाखालचा
फुगा आदल्या रात्री भरून ठेवला तर चालेल का? सकाळी घाई असते.

रसायनीबाई
नाही चालणार. कार्बन डायऑक्साइड रबरातून नायट्रोजनपेक्षा कितीतरी पट लवकर झिरपतो. रात्रभरात फुगा लहान होतो आणि त्याच वेळी बाहेरची हवा थोडीथोडी आत येते, म्हणजे व्यासही गेला आणि शुद्धताही. सकाळी नऊला परीक्षण असेल तर आठला भरा, दर दोन तासांनी घेर मोजा आणि ९० सेंमीच्या खाली गेला की नवा फुगा. दिवसाला चार फुग्यांचं सामान पुड्या बांधून तयार ठेवा.

झाडाखालचा
सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालेल का? ती घरात आहे.

रसायनीबाई
नको. तिच्यात सोडा थोडाच, बाकी स्टार्च आणि कोरडं आम्ल. तिप्पट-चौपट लागेल आणि कॅनमध्ये खळ तयार होईल. धुण्याचा सोडाही नको, त्याला दुप्पट आम्ल लागतं. खाण्याचाच आणा.